फाईल सेव्ह केली होती, पण गेली कुठे? ‘एव्हरीथिंग’च्या या कमांड्स शोधून देतील

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची मुदत बाराला संपणार. सगळे रकाने भरून झालेत, फोटो अपलोड झालाय, सही अपलोड झालीय. फक्त उत्पन्नाचा दाखला राहिलाय. तो स्कॅन करून याच कॉम्प्युटरवर ठेवला होता, एवढं पक्कं आठवतंय. पण कुठे? डाउनलोड्समध्ये नाही, डेस्कटॉपवर नाही, ‘न्यू फोल्डर’मध्येही नाही. विंडोजच्या सर्चमध्ये नाव टाकलं तर वरची हिरवी पट्टी हळूहळू सरकतेय आणि घड्याळ मात्र पळतंय.

हा प्रसंग ज्याच्यावर आला नाही असा कॉम्प्युटरवाला शोधून सापडायचा नाही. गंमत अशी की फाईल शोधायला खरं तर एवढा वेळ लागायची गरजच नसते. विंडोजसाठी ‘एव्हरीथिंग’ नावाचं एक छोटं, फुकट सॉफ्टवेअर आहे. डेव्हिड कार्पेंटर या डेव्हलपरने ते बनवलं आणि ‘व्हॉइडटूल्स’ या नावाखाली ते मिळतं. नाव टाइप करायला सुरुवात केली की अक्षरागणिक निकाल समोर येतात.

पण बहुतेक लोक त्याची खिडकी उघडतात, एक शब्द टाकतात आणि समोर आलेल्या तीन हजार नावांमध्ये पुन्हा हरवतात. त्याची खरी ताकद कमांड लाइनवरच्या ऑप्शन्समध्ये आहे. हे ऑप्शन्स काय आहेत, कसे वापरायचे आणि कुठे फसायला होतं, ते समजून घेऊया.

आधी हे कळू द्या, ते एवढं फास्ट कसं?

समजा, एखाद्या ग्रंथालयात एक पुस्तक शोधायचं आहे. एक मार्ग म्हणजे प्रत्येक कपाट उघडून प्रत्येक पुस्तकाचं नाव वाचायचं. दुसरा मार्ग म्हणजे टेबलावरची नोंदवही उघडायची.

साधा शोध पहिल्या मार्गाने जातो. एक फोल्डर उघडतो, त्यातली नावं बघतो, मग आतला फोल्डर, मग त्याच्या आतला. ‘एव्हरीथिंग’ दुसरा मार्ग घेतं. विंडोजच्या हार्ड डिस्कवर एनटीएफएस नावाची व्यवस्था असते. तिच्यात ‘मास्टर फाईल टेबल’ नावाची एक नोंदवही आधीपासूनच असते आणि डिस्कवरच्या प्रत्येक फाईलची नोंद तिच्यात असते. ‘एव्हरीथिंग’ ही वही थेट वाचतं आणि नावांची यादी आपल्या मेमरीत ठेवतं.

मग नवीन फाईल आली किंवा जुनीचं नाव बदललं तर? त्यासाठी एनटीएफएसकडे बदलांची वेगळी डायरी असते, तिला ‘यूएसएन जर्नल’ म्हणतात. त्या डायरीतल्या नव्या नोंदी बघून यादी ताजी ठेवली जाते. सगळी डिस्क परत चाळावी लागत नाही.

व्हॉइडटूल्सच्या माहितीनुसार नुकतंच टाकलेलं विंडोज १०, म्हणजे साधारण १ लाख २० हजार फाईल्स, यांची यादी करायला सुमारे १ सेकंद लागतो. १० लाख फाईल्स असतील तर साधारण १ मिनिट. आणि ही १० लाखांची यादी सुमारे ७५ एमबी रॅममध्ये मावते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची: ही यादी नावांची आहे, फाईलच्या आतल्या मजकुराची नाही. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

कमांड लाइनसाठी लागतं ‘ईएस’

‘एव्हरीथिंग’ बसवताना ते ‘एव्हरीथिंग सर्व्हिस’ सुरू करायचं का, असं विचारतं. ती सुरू ठेवली की दरवेळी अ‍ॅडमिनची परवानगी द्यावी लागत नाही.

कमांड लाइनसाठी याच साइटवर ‘ईएस’ नावाचा एक वेगळा छोटा प्रोग्रॅम मिळतो. तो एका फोल्डरमध्ये ठेवा, तो फोल्डर उघडा, वरच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये ‘सीएमडी’ ही तीन इंग्रजी अक्षरं टाइप करून एंटर दाबा. काळी खिडकी त्याच फोल्डरमध्ये उघडते.

ईएसकडे स्वतःची यादी नसते. तो मागे चालू असलेल्या ‘एव्हरीथिंग’ला विचारतो आणि उत्तर आणून देतो. म्हणून ‘एव्हरीथिंग’ बंद असेल तर ईएस ‘एरर ८’ दाखवतो. ‘एव्हरीथिंग’ची ‘लाइट’ आवृत्ती घेतली असेल तरीही ईएस चालत नाही, कारण तिच्यात बाहेरच्या प्रोग्रॅमशी बोलायची सोयच ठेवलेली नाही.

इथे सगळ्या कमांड्स उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायच्या.

चार प्रश्न, चार ऑप्शन्स

हरवलेली फाईल शोधताना घरातलं माणूस काय विचारतं? कुठे ठेवली होतीस? कसली होती? कधीची होती? केवढी होती? ईएसचे महत्त्वाचे ऑप्शन्स म्हणजे हेच चार प्रश्न.

सुरुवात अगदी साधी:

ईएस इन्कम

ज्या ज्या नावात ‘इन्कम’ आहे ती सगळी नावं येतील. लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरक पडत नाही. शब्द नावाच्या मध्ये असला तरी चालतो. दोन शब्द जागा सोडून लिहिले तर दोन्ही असलेली नावंच येतात. एखादा शब्द नको असेल तर त्याच्या आधी उद्गारचिन्ह लावायचं.

*कुठे?* यासाठी आहे ‘-पाथ’.

ईएस -पाथ डी:\अर्ज इन्कम

आता फक्त त्या फोल्डरमध्ये आणि त्याच्या आतल्या फोल्डर्समध्ये शोध होईल. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल तर पूर्ण पत्ता दुहेरी अवतरणात टाकायचा. आतले फोल्डर्स नको असतील, तर ‘-पाथ’च्या जागी ‘-पेरेंट’ लिहायचं.

*कसली?* यासाठी ‘एक्स्टेन्शन’ या शब्दाची पहिली तीन अक्षरं आणि विसर्गासारखा कोलन.

ईएस इन्कम एक्स्ट:पीडीएफ

फक्त फोल्डर हवे असतील तर ‘/एडी’, फक्त फाईल्स हव्या असतील तर ‘/ए-डी’. यात ‘ए’ म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट, ‘डी’ म्हणजे डिरेक्टरी आणि मधला डॅश म्हणजे ‘नको’.

*कधीची?* यासाठी ‘डीएम’, म्हणजे डेट मॉडिफाइड.

ईएस एक्स्ट:पीडीएफ डीएम:टुडे

टुडेच्या जागी ‘यस्टरडे’, ‘धिसवीक’, ‘लास्टवीक’ असंही चालतं. शब्द जोडून लिहायचे.

इथे एक बारीक गोष्ट आहे. पेन ड्राइव्हवरून फाईल कॉपी केली तर तिची मॉडिफाइड तारीख जुनीच राहते, बदलते ती क्रिएटेड तारीख. म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा दाखला आज कॉपी केला असेल तर ‘डीएम:टुडे’मध्ये तो दिसणार नाही. तिथे ‘डीसी:टुडे’ लिहायचं. ही तारीख सहसा यादीत ठेवलेली नसते, त्यामुळे थोडा जास्त वेळ लागू शकतो.

*केवढी?* यासाठी ‘साइझ’. आणि खालची कमांड सी ड्राइव्ह लाल झाला की फार उपयोगी पडते:

ईएस /ए-डी -सॉर्ट साइझ-डिसेंडिंग -साइझ -एन २०

म्हणजे फोल्डर नको, फक्त फाईल्स. मोठ्यापासून लहानाकडे लाव. शेजारी आकार दाखव. पहिल्या २० पुरे. ‘-एन’ हा ऑप्शन नेहमी लावण्यासारखा आहे, नाहीतर काळ्या खिडकीत हजारो ओळी धावत सुटतात.

आता रात्री साडेअकराच्या त्या दाखल्याकडे परत येऊ. नाव नक्की आठवत नाही, पण पीडीएफ होती आणि मागच्या आठवड्यातली होती:

ईएस एक्स्ट:पीडीएफ डीएम:लास्टवीक -सॉर्ट डेट-मॉडिफाइड-डिसेंडिंग -एन ३०

स्कॅनरने फाईलला ‘स्कॅन०००४’ असं नाव दिलं असलं तरी ती या तीसांमध्ये दिसेल. नाव माहीत नसताना सापडणं हीच या ऑप्शन्सची कमाई.

व्हॉट्सअ‍ॅपच्या फाईल्स कशा ओळखायच्या?

अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सअ‍ॅपमधून कॉम्प्युटरवर कॉपी केलेल्या फोटोंची नावं ‘आयएमजी’, मग वर्ष-महिना-दिवस असे आठ आकडे, मग ‘डब्ल्यूए’ आणि एक क्रमांक अशी असतात. कागदपत्रांना अनेकदा सुरुवातीला ‘डीओसी’ लागतं. कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅपमधून थेट सेव्ह केलेल्या फोटोच्या नावात ‘व्हॉट्सअ‍ॅप इमेज’, तारीख आणि वेळ असते.

म्हणजे तारीख नावातच लिहिलेली आहे! चुलत बहिणीच्या लग्नातले १२ मे २०२४ चे फोटो हवे असतील तर ‘२०२४०५१२’ आणि ‘डब्ल्यूए’ हे दोन तुकडे टाकले की पुरे. कॉम्प्युटरवर सेव्ह केलेले असतील तर ‘२०२४-०५-१२’ असं डॅश लावून. फक्त ही तारीख फोटो काढल्याची असेलच असं नाही, हे ध्यानात ठेवायचं.

सातबाऱ्याची गोची

मराठी माणसाच्या कॉम्प्युटरवर एक खास अडचण असते. विंडोजमध्ये फाईलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही. म्हणजे ‘७/१२’ असं नाव देताच येत नाही. मग कुणी ‘७-१२’ लिहितं, कुणी ‘७१२’, कुणी देवनागरीत ‘सातबारा’, कुणी तेच इंग्रजी अक्षरांत. त्यातही देवनागरीतला सात आणि इंग्रजी कीबोर्डवरचा सात ही कॉम्प्युटरच्या दृष्टीने दोन वेगळी अक्षरं आहेत. एक टाकून दुसरं सापडत नाही.

यावर उपाय म्हणजे ‘किंवा’. ‘एव्हरीथिंग’मध्ये उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. खिडकीत ‘सातबारा|७-१२|७१२’ असं लिहिलं, आणि इंग्रजी स्पेलिंगही जोडलं, की यातलं काहीही असलेली नावं येतात. हीच युक्ती ‘दाखला’ आणि ‘सर्टिफिकेट’, ‘पावती’ आणि ‘रिसीट’ यांनाही लागू.

देवनागरी नावं एनटीएफएसमध्ये व्यवस्थित साठवली जातात आणि शोधताही येतात. मात्र जुन्या काळ्या खिडकीत ती चौकोन चौकोन दिसू शकतात. घाबरायचं नाही, फाईलचं नाव बिघडलेलं नाही, फक्त खिडकीचा फाँट अपुरा आहे. अशा वेळी ‘एव्हरीथिंग’ची मूळ खिडकी वापरलेली बरी.

इथे फसायला होतं

मूळ खिडकीत चालणारी दोन चिन्हं कमांड लाइनवर घात करतात.

पहिलं, ‘पेक्षा मोठं’चं चिन्ह. १ जीबीपेक्षा मोठ्या फाईल्स हव्यात म्हणून कुणी सरळ ‘ईएस साइझ:>१जीबी’ असं टाइप केलं, तर काळ्या खिडकीला ते चिन्ह वेगळंच काही सांगतं: ‘निकाल या नावाच्या फाईलमध्ये लिही’. मग पडद्यावर काहीच दिसत नाही आणि त्या फोल्डरमध्ये ‘१जीबी’ नावाची एक नवी फाईल तयार होते. हे एक वेळ विनोदी आहे. पण त्या चिन्हापुढे एखाद्या खऱ्या फाईलचं नाव आलं, तर तिचा आधीचा मजकूर पुसला जातो आणि विचारलंही जात नाही.

दुसरं, ती उभी रेघ. कमांड लाइनवर तिचा अर्थ ‘निकाल पुढच्या प्रोग्रॅमला दे’ असा होतो. मग विंडोज रेघेच्या पुढे लिहिलेल्या ‘७-१२’ नावाचा प्रोग्रॅम शोधत बसतं आणि मिळाला नाही म्हणून तक्रार करतं.

दोन्हींवर उपाय एकच. त्या चिन्हाच्या आधी ६ च्या बटणावरचं टोपीसारखं चिन्ह लावायचं:

ईएस साइझ:^>१जीबी

तिसरी फसगत अक्षरांची. ‘एव्हरीथिंग’च्या मूळ प्रोग्रॅमला ‘-एस’ दिलं तर त्याचा अर्थ ‘हे शोध’. ईएसला ‘-एस’ दिलं तर अर्थ ‘पत्त्याप्रमाणे क्रम लाव’. मूळ प्रोग्रॅममध्ये ‘-पी’ म्हणजे ‘या फोल्डरमध्ये’, तर ईएसमध्ये ‘-पी’ म्हणजे ‘फक्त नावात नको, पूर्ण पत्त्यात जुळव’. आणि इतर अनेक साधनांत ‘-आय’ म्हणजे लहान-मोठ्या अक्षरांकडे दुर्लक्ष कर, ईएसमध्ये मात्र नेमकं उलट, ‘फरक कर’. म्हणून एकाक्षरी ऑप्शन पाठ करण्यापेक्षा ‘-पाथ’, ‘-सॉर्ट’, ‘-केस’ अशी पूर्ण नावं वापरणं शहाणपणाचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: शोधाचा निकाल थेट डिलीट करणाऱ्या कमांडला जोडायचा नाही. यादीत विंडोजच्या स्वतःच्या फाईल्सही असतात. आधी यादी काढा, डोळ्यांनी बघा, मग हाताने डिलीट करा.

यादी जपून ठेवायची असेल तर

निकाल एक्सेलमध्ये बघायचा असेल तर ‘-एक्स्पोर्ट-सीएसव्ही’ लिहून पुढे नवीन फाईलचं नाव द्यायचं. किती फाईल्स आहेत एवढंच हवं असेल तर ‘-गेट-रिझल्ट-काउंट’.

मूळ प्रोग्रॅममध्ये ‘-क्रिएट-फाईललिस्ट’ असा एक ऑप्शन आहे. त्याच्यापुढे यादीच्या फाईलचं नाव आणि एखाद्या ड्राइव्हचा पत्ता दिला की त्या ड्राइव्हवरच्या सगळ्या नावांची यादी तयार होते. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडे, छोट्या स्टुडिओंकडे दहा-पंधरा हार्ड डिस्क असतात. प्रत्येकीची अशी यादी करून ठेवली तर कोणता व्हिडिओ कुठल्या डिस्कवर आहे ते डिस्क न जोडताच कळतं.

रोज एकच शोध लागत असेल तर डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘टार्गेट’च्या शेवटी ‘-एस’ आणि अवतरणात शोधाचे शब्द लिहून ठेवा. डबल क्लिक केलं की तोच शोध तयार.

हे काय शोधू शकत नाही?

फाईलच्या आतला मजकूर ते आपणहून शोधत नाही. त्यासाठी ‘कंटेंट:’ असं लिहावं लागतं आणि तेव्हा प्रत्येक फाईल उघडून वाचावी लागते. म्हणून आधी फोल्डर आणि प्रकार नक्की करूनच तो वापरायचा.

केबलने जोडलेला फोन त्याला दिसत नाही, कारण फोन हा विंडोजला अक्षर असलेल्या ड्राइव्हसारखा दिसत नाही. एनटीएफएस नसलेले पेन ड्राइव्हही आपोआप यादीत येत नाहीत. सेटिंगमध्ये जाऊन त्यांचे फोल्डर जोडावे लागतात.

रिसायकल बिनमध्ये गेलेली फाईलही जुन्या नावाने सापडत नाही. विंडोज तिथे फाईलचं नाव बदलून डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारं सांकेतिक नाव देतं. त्यामुळे ‘ईएस’ने नाही म्हटलं तर हार मानण्याआधी रिसायकल बिन उघडून बघायचंच.

लिनक्स आणि मॅकवाल्यांचं काय?

ही कल्पना तशी जुनीच आहे. जेम्स वुड्स यांनी १९८३ मध्येच युनिक्सवर नावांची यादी आधी करून ठेवून झटपट शोधायची पद्धत मांडली होती. लिनक्सवरची ‘लोकेट’ ही कमांड त्याच वाटेवरची. तिची यादी बहुधा दिवसातून एकदा ताजी होते, त्यामुळे पाच मिनिटांपूर्वीची फाईल तिला माहीत नसते. ‘अपडेटडीबी’ चालवलं की यादी ताजी होते.

मॅकवर ‘एमडीफाइंड’ ही कमांड स्पॉटलाइटची यादी वापरते. ‘-नेम’ दिलं की फक्त नावात शोधते आणि ‘-ओन्लीइन’ दिलं की एकाच फोल्डरमध्ये.

‘एफडी’ हे नवं साधन यादी न ठेवता एकाच वेळी अनेक फोल्डर चाळतं. पण लपवलेल्या फाईल्स ते मुळात वगळतं. त्या हव्या असतील तर मोठ्या लिपीतलं ‘-एच’ लावावं लागतं.

जाता जाता, एक खबरदारी

फाईलची नावं खूप काही सांगून जातात. कुणाचा आजार, कुणाचं कर्ज, कुणाचा कोर्टातला दावा. ‘एव्हरीथिंग सर्व्हिस’ सगळ्या ड्राइव्हची यादी करते. त्यामुळे एका कॉम्प्युटरवर चार जणांची वेगवेगळी लॉगिन असली तरी एकाला दुसऱ्याच्या फाईल्सची नावं दिसू शकतात, फाईल उघडता आली नाही तरी. सायबर कॅफेत किंवा ऑफिसच्या सामायिक कॉम्प्युटरवर हे बसवण्याआधी विचार करायला हवा. त्यातला ‘एचटीटीपी सर्व्हर’ मुळात बंद असतो, गरज नसेल तर तो बंदच राहू द्या. आणि काढलेली यादी ‘बघा किती फाईल्स आहेत माझ्याकडे’ म्हणून ग्रुपवर टाकायची नाही.

बाकी, हे सगळे ऑप्शन्स पाठ करायची काहीच गरज नाही. कुठे, कसली, कधीची, केवढी हे चार प्रश्न लक्षात ठेवले तरी पुरे. आणि मुदतीच्या रात्रीची वाट बघू नका. आज पाच मिनिटं काढून एखादी जुनी पावती शोधून बघा. हात बसला की साडेअकरा वाजताही घाम फुटणार नाही.